रोहिणी मॅडमचे मिस्टर

रोह्याच्या हायस्कुलात प्रविण म्हात्रे सरांचा फळा बघायला एके काळी दुसऱ्या वर्गाचे शिक्षकही दारात येऊन उभे राहायचे. कंपास नाही, दोरी नाही. प्रविण फळ्यावर खडू टेकवायचा, मनगट एकदा फिरवायचा आणि असं गोल वर्तुळ उमटायचं की रेघ कुठून सुरू झाली आणि कुठे संपली ते सापडायचं नाही. मागच्या बाकावरची पोरंही तेवढ्यापुरती गप्प व्हायची. त्या गप्प होण्यावर प्रविणने सतरा-अठरा वर्षं काढली होती. आपण शिकवतो तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येते, हे तो लग्नकार्यात, गाडीत, कुठेही सहज सांगायचा.

घर पेणला, नोकरी रोह्याला. रोज सकाळी दिव्याहून येणारी गाडी पकडायची, संध्याकाळी परत. बायको रोहिणी जिल्हा परिषदेच्या शाळेत. जोह्याच्या अलीकडच्या एका लहानशा गावात तिची शाळा, स्कुटीने जाऊन-येऊन करायची. ती शांत बाई. घरी गणिताचा विषय निघाला की प्रविण बोलायचा आणि ती ऐकायची, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग तिच्या शाळेतल्या एका शिक्षकाची बदली झाली आणि सातवीचं गणित तिच्या गळ्यात पडलं. तिने आधी नवऱ्यालाच विचारलं. प्रविणने दिवाणावर बसून जुन्या कॅलेंडरच्या मागे सगळं वर्तुळ, परीघ, व्यास मांडून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली की मला कळलं, पण पोरांना असं नाही कळायचं. प्रविण हसला. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून पापड नेले.

पापडानंतर बांगड्या गेल्या, डब्यांची झाकणं गेली, स्वयंपाकघरातला वजनकाटा गेला. पुढे तिने घरचं नेणं थांबवलं आणि पोरांनाच घरून आणायला सांगितलं. मिथुन नावाच्या पोराच्या काकाचा जोह्याला गणपतीचा कारखाना. त्याने लहान मूर्तीचा साचा आणला, एकमेकांवर बसणाऱ्या दोन भागांचा. त्यावर तिने सममिती शिकवली. कुणी खाडीतल्या शिंपल्या आणल्या, कुणी तागडी आणली. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचा तास मोबाईलवर घेतला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो तास कुठे कुठे फिरला कुणास ठाऊक, पण महिन्याभरात रोहिणीला आधी पेणमध्ये, मग अलिबागेला बोलावणी येऊ लागली.

प्रविणला सुरुवातीला गंमत वाटली. मग आपल्याला अभिमान वाटतो असं तो सगळ्यांना सांगू लागला. आणि सांगता सांगता कधीतरी ते सांगणं त्याला जड जायला लागलं. वाण्याच्या दुकानात गेला तर वाणी म्हणाला, “या, मॅडमचं सामान का?” साखरपुड्याला गेला तर कुणीतरी त्याची ओळख करून दिली, “हे रोहिणी मॅडमचे मिस्टर. तेही शिक्षकच आहेत.” तेही! तो ‘ही’ प्रविणने घरापर्यंत आणला आणि रात्री जेवताना आमटी आळणी आहे म्हणून ताट सरकवलं. आमटी आळणी नव्हती.

सगळ्यात वाईट झालं ते घरातच. मुलगी अपेक्षा आठवीत. तिचं घनफळाचं गणित अडलं तेव्हा प्रविण खडू घेऊन उभा राहिला. घरात त्याने भिंतीला छोटा फळा लावून घेतला होता. अपेक्षाने थोडा वेळ ऐकलं आणि वही मिटली. “बाबा, राहू द्या. आई आली की तिला विचारते.” ती काही उर्मटपणे बोलली नव्हती. तिला खरंच आईला विचारायचं होतं. प्रविण मात्र खडू हातात घेऊन तसाच उभा राहिला, आणि रोहिणी आल्यावर पाणी द्यायलासुद्धा उठला नाही.

अशात पत्र आलं. रोहा तालुक्यातल्या सहावी ते आठवीच्या गणित शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण. मार्गदर्शक, सौ. रोहिणी म्हात्रे. ठिकाण, प्रविणचं हायस्कूल. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये पत्र वाचून दाखवलं आणि आनंदाने प्रविणच्या पाठीवर थाप मारली. उपस्थिती सक्तीची होती. म्हणजे ज्या सभागृहात तो दरवर्षी पालकांसमोर बोलायचा, तिथेच त्याने बाकावर बसायचं आणि त्याच्या बायकोने समोर उभं राहायचं.

रोहिणीने त्या दिवसाची तयारी मन लावून केली. सातवीतल्या जनूची आजी धोंडुबाई, तिच्याकडून ती पितळेचं मापटं मागून घेऊन आली. पूर्वी भात मोजायला असायचं ते अर्ध्या शेराचं माप. धोंडुबाईच्या आईचं होतं ते, आणि म्हातारी ते कुणाच्या हातात देत नसे. रोहिणीने मी स्वतः परत आणून देईन असं सांगून ते आणलं. मिथुनच्या काकांनी साचा दिला, तोही दोन दिवसांत परत हवा होता, कारण मूर्ती काढायच्या होत्या. पापड डब्यात घालून, पोरींच्या बांगड्या आणि खाडीतल्या शिंपल्या रुमालात गुंडाळून तिने सगळं एका मोठ्या कापडी पिशवीत भरलं. आधी शाळेत जाऊन वर्ग सोपवायचा आणि तिथून सहकारी बाईंच्या गाडीने रोह्याला यायचं, असं तिचं ठरलं होतं.

“स्कुटीवर एवढं ओझं कशाला?” प्रविण म्हणाला. “मी ट्रेनने जातोच आहे. पिशवी मी आणतो.”

तो हे खरंच चांगल्या मनाने म्हणाला होता. निदान त्या वेळी तरी. रोहिणीलाही बरं वाटलं, कारण गेले कित्येक दिवस तो तिच्या कामाबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

गाडीत सुफियान भेटला. सुफियान मूळचा रोह्याचा, प्रविणच्याच हातून दहावी झालेला. आता धाटावच्या एका कंपनीत होता आणि लग्नानंतर बायकोच्या माहेराजवळ, पेणच्या बाजूला घर बांधून राहिला होता. त्याची मुलगी उमामा रोहिणीच्याच वर्गात होती. सरांना बघून तो उठला, खिडकीची जागा दिली आणि पिशवी आपणहून वर ठेवली. मग त्याला कळलं की पिशवीत काय आहे, आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने आजूबाजूच्या लोकांना रोहिणी मॅडमविषयी सांगायला सुरुवात केली. कासू गेलं, नागोठणं आलं, तरी तो थांबेना. प्रविण खिडकीबाहेर बघत हं हं करत होता.

“सर, एक बोलू? राग नका मानू,” सुफियान म्हणाला. “तुमचं वर्तुळ आजून माझ्या डोळ्यांसमोर हाय. तसं कुणाला काढायला जमायचं नाय. पन खरं सांगू, त्या टायमाला मला त्यातलं कायच समजलं नव्हतं. परवा उमामाने पापड घेतला, दोरा घेतला, आन् माझ्याकडून मोजून घेतलं. पापड लहान घ्या नायतर मोठा, कडेने फिरवलेला दोरा पापडावर आडवा मोजला की तीनदा बसतो आन् वर थोडा उरतो. मी बोललो, अरे, हेच का ते! सर वर्षभर हेच सांगत होते!”

तो मोकळेपणाने हसला. समोरच्या बाकावरचे दोघंही हसले. प्रविणही हसला. पण त्याच्या कानशिलाला कुणीतरी निखारा लावल्यासारखं झालं होतं. सतरा-अठरा वर्षांतली ती शांतता त्याला आठवली. टाचणी पडली तरी ऐकू येणारी. त्या पोरांना समजत होतं म्हणून ती गप्प होती, की समजत नव्हतं म्हणून? हा प्रश्न त्याने लगेच बाजूला ढकलला आणि त्याच्या जागी रोहिणी आणून उभी केली. तिच्यामुळे हे ऐकावं लागतंय. आज सबंध दिवस हेच ऐकावं लागणार.

रोहा आलं. गाडीचा शेवटचा थांबा, त्यामुळे उतरायची घाई कुणाला नव्हती. लोक सावकाश उठून सामान काढत होते. प्रविणने आपली खांद्याची बॅग घेतली. वर फळीवर पिशवी होती. पिशवीचा एक बंद खाली लोंबत होता. त्याने त्या बंदाकडे बघितलं. हात वर केला असता तर लागला असता.

तो दाराकडे वळला आणि उतरला.

मागून कुणीतरी हाक मारली. गर्दीत सरांना हाक मारणारे पुष्कळ असतात, असं त्याने मनाला सांगितलं आणि पाय उचलला. परत जाता आलं असतं, गाडी अजून फलाटावर उभी होती. रिक्षात बसतानाही जाता आलं असतं. शाळेच्या फाटकाशी आल्यावर त्याने ठरवून टाकलं की पिशवी विसरली. विसरतात माणसं.

रोहिणी सभागृहात पोचली होती. नवी साडी, केसात अबोलीचा लहानसा गजरा, आणि बाकांची रचना स्वतः बदलून घेत होती. त्याला रिकाम्या हाताने येताना बघून ती थांबली. प्रविणने कपाळावर हात मारला आणि सांगितलं की ट्रेनमध्ये राहिली बघ, सुफियान बोलत बसला त्या नादात. रोहिणीचा चेहरा पांढरा पडला. तिने एकदाच त्याच्याकडे नीट बघितलं. “बरं,” एवढंच म्हणाली, आणि सगळ्या शिक्षकांकडे वळली.

तिने प्रयत्न केला. हातात असेल त्यानेच करू या म्हणाली, आणि शिक्षकांना खिशातलं, डब्यातलं काय गोल असेल ते काढायला सांगितलं. कुणी बाटलीचं झाकण काढलं, कुणी डब्याचं, कुणी अंगठी. दोरा नव्हता. एका गुरुजींनी बुटाची लेस दिली, त्यावर हशा पिकला. लेस ताणली जायची, झाकणाच्या कडेवरून घसरायची. मोजमाप आलं ते कुणाचं पावणेतीन, कुणाचं साडेतीन. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की रोह्यात ‘पाय’ची किंमत वेगळी दिसते. सगळे हसले. स्वतःच्या वर्गात असं झालं असतं तर रोहिणीने तेच धरून पुढे नेलं असतं, पण इथे तिला सुचेना. तिचा सगळा तास त्या वस्तूंच्या क्रमावर रचलेला होता. कुठली वस्तू कुणाची, कुणी काय सांगून दिली, तिथून ती सुरुवात करणार होती. ती बोलताना अडखळायला लागली, मग खडू घेऊन फळ्याकडे वळली. तिचं वर्तुळ बटाट्यासारखं आलं.

प्रविण दुसऱ्या रांगेत बसून हे सगळं बघत होता. त्याला आतून बरं वाटत होतं आणि त्याच वेळी तिथून उठून पळावंसंही वाटत होतं.

तपासणीचे ते साहेबही आले होते, त्यांनी घड्याळ बघितलं. मुख्याध्यापक उठले आणि वेळ सावरायला म्हणाले, “आमचे म्हात्रे सर आहेतच की. सर, या ना जरा पुढे. मॅडमना थोडी विश्रांती.”

प्रविण गेला. खडू टेकवला, मनगट फिरवलं. वर्तुळ बघून सभागृहात ‘वा’ उठला. त्यानंतर तो पाऊण तास बोलला. परीघ, व्यास, क्षेत्रफळ, सगळं एकही शब्द न चुकता, फळा डावीकडून उजवीकडे छापल्यासारखा भरत. टाळ्या पडल्या. साहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले की घरातच एवढा खजिना आहे, मॅडम. ज्यासाठी तो वर्षभर जळत होता ते सगळं त्याला त्या पाऊण तासात मिळालं. खाली बघितलं तर रोहिणी त्याच्याच जागेवर, दुसऱ्या रांगेत बसली होती. दोन्ही हात बाकावर ठेवून, शहाण्या मुलीसारखी. तीही टाळ्या वाजवत होती.

तो आनंद फाटकापर्यंतसुद्धा टिकला नाही. दिवस संपल्यावर रोहिणी सहकारी बाईंच्या गाडीत बसली नाही. ती सरळ स्टेशनवर चालत निघाली, प्रविण मागून. स्टेशनात तिने खिडकीवर विचारलं, फलाटावरच्या माणसाला विचारलं, झाडणाऱ्या बाईला विचारलं. सकाळची गाडी केव्हाच परत दिव्याला गेली होती. पिशवीत काय किमती होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की किमती काही नाही, लोकांचं होतं. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. प्रविणने एकदा सुचवून बघितलं की तसलंच मापटं आपण जुन्या भांड्यांच्या दुकानातून घेऊ.

घरी येऊन चहा होतोय तोच दारात मोटारसायकल थांबली. सुफियान होता, आणि त्याच्या खांद्याला पिशवी. सर उतरले आणि पिशवी वरच राहिली, ती आपण काढून घेतली, पण कंपनीची वेळ झाली होती म्हणून शाळेत आणून देता आली नाही, दिवसभर लॉकरमध्ये ठेवली, असं त्याने सांगितलं. सरांचा फोन नंबर जुना निघाला, लागत नव्हता. “सर घाईत होते, मॅडम,” असं तो दोनदा म्हणाला. रोहिणीने त्याला बळेच बसवून चहा दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

प्रविण त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला. सुफियानने गाडीला किल्ली लावली, पण सुरू केली नाही.

“मी हाक मारलेली, सर.”

“ऐकू नाही आली.”

“नाय आली असंल,” सुफियान खाली बघत म्हणाला. “गाडीचा आवाज असतो.”

ट्रेन तेव्हा फलाटावर बंद पडल्यासारखी शांत उभी होती. दोघांनाही ते माहीत होतं. सुफियानने सरांना नेहमीसारखा सलाम केला आणि तो गेला.

आत रोहिणीने सतरंजीवर एकेक वस्तू मांडली होती. साच्याची कड तिने बोटाने चाचपून बघितली. मापटं पदराने पुसलं. पापडांचे तुकडे झाले होते, ते तिने बाजूला काढले. अपेक्षा शेजारी बसून बांगड्या मोजत होती. प्रविण दारातच उभा राहिला. सुफियानने झाकून घेतलं होतं, आता विषय संपला असता. पण त्याला त्या घरात पुढे श्वास घेता येईल असं वाटेना. अपेक्षा आत गेल्यावर तो बोलला.

“पिशवी राहिली नव्हती. मी ठेवली.”

रोहिणीचा हात मापट्यावर थांबला. ती रडेल, भांडेल, असं त्याला वाटलं होतं.

“तुम्ही जळता ते मला कधीपासून माहीत होतं,” ती म्हणाली. “आमटीचं, पाण्याचं, सगळं कळत होतं. मी म्हटलं, होईल हळूहळू कमी. माझ्यावर राग काढला असता तर मी सहन केला असता. सभागृहात सगळ्यांसमोर मला चुकीचं म्हणाला असता तरी चाललं असतं. पण त्या म्हातारीच्या मापट्याने तुमचं काय वाकडं केलं होतं?”

तिने सगळं परत पिशवीत भरलं आणि म्हणाली, “उद्या रजा टाका. ज्याचं त्याला तुमच्या हाताने परत द्या.”

त्याने रजा टाकली. स्कुटी कालपासून शाळेतच होती, म्हणून सकाळी रिक्षात तिच्या शेजारी बसून, मांडीवर पिशवी घेऊन तो तिच्या शाळेत गेला. इतक्या वर्षांत तो त्या शाळेत पहिल्यांदाच येत होता. भाताच्या शेतांमध्ये दोन खोल्यांची शाळा, पुढे ओटा. ओट्यावर धोंडुबाई येऊन बसली होती. नातीने, जनूने, सांगितलं होतं की आपलं मापटं रोह्याला मोठ्या मास्तरांना शिकवायला गेलंय, म्हणून म्हातारी मुद्दाम चालत आली होती.

“ह्ये कोन गो बाय?” तिने रोहिणीला विचारलं.

रोहिणीने सांगितलं. प्रविणने वाकून मापटं तिच्या हातात दिलं. तिने ते उलटंसुलटं करून बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला.

“मग? काय शिकवलंन् त्याने मास्तरांना?”

रोहिणीला सांगता आलं असतं, पण तिने ते प्रविणवर सोडलं. प्रविणने तिच्याकडे बघितलं आणि मग म्हातारीकडे.

“काहीच नाही, आजी. माझ्यामुळे ते गाडीतच राहिलं. शाळेत पोचलंच नाही.”

“व्हय?” धोंडुबाई म्हणाली. तिला हसू आलं. “मग फुकटचंच हिंडून आलं म्हनायचं.”

ती हसत होती आणि प्रविणला वाटलं, त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मिथुनने साचा घेतला आणि आधी दोन्ही भाग जुळवून बघितले. पोरांनी आपापल्या शिंपल्या, बांगड्या ओळखून घेतल्या. वरून सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या बांगड्यांतली आपली कुठली ते प्रत्येकीला बरोबर कळत होतं. “बाईंचे सर आलेत,” अशी कुजबूज झाली. बाईंचे सर. इथेही तेच. प्रविणला आतून तोच जुना चटका बसला, आणि आपल्याला अजूनही बसतोय याची त्याला लाज वाटली.

त्याला वाटलं आता आपलं काम झालं, पण रोहिणीने मागच्या बाकाकडे बोट केलं. तो अवघडून बसला. त्या दिवशी धारकतेचा तास होता. धोंडुबाईकडून मापटं तासापुरतं परत मागून घेतलं, घंगाळ आलं, लिटरची रिकामी बाटली आली, पाण्याची कळशी आली. कळशीत किती मापटी पाणी मावेल याचा प्रत्येकाने आधी अंदाज करायचा होता. मग मोजणं सुरू झालं आणि वर्गात एकच गोंधळ माजला. एका गटाचं पाणी जास्त आलं, दुसऱ्याचं कमी. तुम्ही सांडलं, तुम्ही काठोकाठ भरलंच नाही, अशी भांडणं लागली. प्रविणच्या ओठांवर दोनदा ‘शांत बसा’ आलं आणि दोनदा त्याने ते गिळलं. रोहिणी मध्ये पडत नव्हती. तिने एकाच पोराला विचारलं, की भरलं म्हणजे कुठपर्यंत भरलं? त्या एका प्रश्नावर भांडण मिटलं नाही, उलट वाढलं, पण आता ते भांडण गणिताचं झालं होतं. ओट्यावरून धोंडुबाईसुद्धा आत डोकावून ओरडून काहीतरी सांगत होती.

प्रविण हे बघत राहिला. आजवर तो स्वतःला सांगत आला होता की रोहिणीचं सगळं नाव वस्तूंमुळे आहे. पापड आणि बांगड्या नेल्या की कुणीही करील. आता त्याच्या ध्यानात आलं की तसं नाही. ती पोरांना चुकू देत होती आणि स्वतः मधे उभी राहून घाबरत नव्हती. हे त्याला कधी जमलं नव्हतं, आणि सोपंही दिसत नव्हतं. त्याचा हेवा त्या तासात कमी झाला नाही. उलट तो वाढला. फक्त काल तो अन्याय झाल्यासारखा जळत होता, आज तसं म्हणायला त्याला तोंड राहिलं नाही.

उमामा पाण्याने भरलेली बाटली घेऊन त्याच्यापाशी आली. तिच्या गटाला वाटत होतं की पाणी लिटरच्या रेघेपर्यंत आलंय, बाकीच्यांना वाटत होतं नाही आलं. “सर, तुम्ही सांगा, कोण बरोबर?”

प्रविणने बसल्याजागी वरून बघितलं आणि आलंय म्हणाला.

“असं नाय बघायचं,” उमामा म्हणाली. “खाली वाका. डोळा पाण्यासमोर आणा.”

तो बाकावरून उठून जमिनीवर गुडघ्यांवर बसला. पाणी रेघेच्या किंचित खाली होतं. त्याने तसं सांगितलं. मागे जल्लोष झाला, उमामाचं तोंड उतरलं, आणि ती परत मोजायला पळाली.

त्यानंतर रोहिणी त्याच्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलली. प्रविणने तिला मनवायचा प्रयत्न केला नाही. तेवढं त्याला कळलं होतं. एका संध्याकाळी तो फळ्यासमोर अपेक्षाचं गणित घेऊन बसला असताना त्याने स्वयंपाकघरात जाऊन एक तेलाचा रिकामा डबा मागितला. रोहिणीने काही न विचारता काढून दिला. ते गणित त्या दिवशी धड झालं नाही. अपेक्षा कंटाळली, प्रविण चिडला आणि शेवटी रोहिणीलाच यावं लागलं. पण ती आली तेव्हा तो खडू ठेवून बाजूला सरकला.

महिन्याभराने साहेबांचा फोन आला. रोह्याचं अर्धवट राहिलेलं प्रशिक्षण पुन्हा घ्यायचं ठरलं होतं, आणि या वेळी सगळ्यांना वाटत होतं की मॅडम आणि सर, दोघांनी मिळून घ्यावं. रोहिणीने फोनवर हात ठेवून प्रविणला विचारलं. ‘दोघांनी मिळून’ या शब्दांची त्याला किती भूक होती हे त्याचं त्यालाच कळलं.

“तू घे,” तो म्हणाला. “मी बाकावर बसेन.”

“पिशवी मी माझी नेईन,” रोहिणी म्हणाली.

“ने.”

तिने फोनवर होकार दिला. प्रशिक्षणाच्या दिवशी ती धोंडुबाईला घेऊन रोह्याला गेली, कारण म्हातारीने मापटं या वेळी एकटं पाठवायला नकार दिला होता. तास छान झाला, अगदी सगळ्यांना आवडेल असा. टाळ्या पडल्या तेव्हा शेजारच्या गुरुजींनी प्रविणला कोपराने ढोसून विचारलं, “या तुमच्या मिसेस ना?”

“मी त्यांचा मिस्टर,” प्रविण म्हणाला. म्हणताना त्याला टोचलं, आणि टोचलं तरी तो टाळ्या वाजवत राहिला.